एकशे तेरा पाईंची जप्ती

क्लिफर्ड एंटविसल यांचं सगळं आयुष्य फॉर्ममध्ये गेलं. एकतीस वर्षं घरकर्जाच्या कचेरीत ते लोकांचे फॉर्म तपासत होते. निवृत्त झाल्यावर थॉर्नशॉ टाउन फुटबॉल क्लबचे मानद चिटणीस झाले आणि क्लबचे फॉर्म भरू लागले. न वाचता त्यांनी कधी एक चौकट भरली नाही. ज्या चौकटीने पुढचा घोळ झाला, तीही त्यांनी दोनदा वाचून, चष्मा पुसून, मगच भरली होती. त्यामुळे पुढे 'चुकून झालं' असं म्हणायचीही सोय उरली नाही.

फॉर्म नगरपालिकेचा होता, छपराच्या अनुदानाचा. मैदानाच्या पूर्वेला उभ्याने सामना बघायचा कट्टा आहे. त्याचं छप्पर अकरा वर्षांपूर्वी वादळात उडालं आणि पलीकडे गवतावर गोळे घरंगळवायचा खेळ खेळणाऱ्या बोलिंग क्लबच्या हिरवळीवर जाऊन उतरलं. बोलिंग क्लबने ते परत दिलं नाही. त्याची अवजारांची खोली केली. तेव्हापासून कट्ट्यावरची तीनेकशे माणसं उघड्यावर उभी राहतात, आणि इंग्लंडातल्या लँकशायरमध्ये उघड्यावर म्हणजे पावसात. एंटविसलांनी सहा वर्षांत सहा अर्ज केले. सहाही वेळा 'कळवण्यास खेद वाटतो' असं पत्र आलं. क्लबात त्यांना पाठीमागे 'खेदसाहेब' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. ते छप्पर एकदा उभं राहिलं, की आपण चिटणीसपद सोडू, पण 'खेदसाहेब' म्हणून सोडणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

सातव्या फॉर्मात 'आरोग्य व पर्यावरण' असा नवा भाग होता. मंजुरीला साठ गुण लागत. एंटविसलांनी बेरीज केली तर सत्तेचाळीस भरले. त्यातही सायकल ठेवायच्या जागेचे तीन गुण म्हणजे फाटकाजवळचा एक वाकलेला कठडा होता. शेवटचा प्रश्न पंधरा गुणांचा होता: 'आपल्या मैदानावर प्रेक्षकांना लाल मांस (गाय, मेंढी, डुक्कर) विकले जाते काय? असल्यास ते बंद करण्यास संस्था तयार आहे काय?'

एंटविसलांनी चष्मा पुसला आणि 'होय' वर खूण केली. समितीला सावकाश सांगू, असा विचार केला. एरवीही मंजूर कुठे होणार होतं?

पाच आठवड्यांत मंजूर झालं.

पत्रात एक अट होती. नगरपालिकेच्या एक अधिकारी पवित्र शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बार्लीक्लफविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी, तपासणीला येतील. मैदानाच्या आवारात लाल मांस आढळल्यास अनुदान यादीतल्या पुढच्या क्लबला दिलं जाईल. पुढचा क्लब होता बार्लीक्लफ.

"म्हणजे आपलं छप्पर त्यांच्या डोक्यावर?" समितीचे अध्यक्ष नॉर्मन डकवर्थ यांनी पत्र हातात धरून विचारलं. डकवर्थ नळदुरुस्तीचं काम करायचे आणि बोलायचेही तुंबलेला नळ मोकळा करावा तसं. "क्लिफ, अरे तू पाई बंद करायचं लिहून दिलंस? पाई? आपल्या मैदानावर?"

"पाई नाही, नॉर्मन. फक्त पाईतलं मांस."

"मग उरलं काय? झाकण?"

प्रश्न रास्त होता. थॉर्नशॉची माणसं पाई खायला येतात आणि आलोच आहोत म्हणून फुटबॉल बघतात, असं म्हटलं तर क्लबचा मागच्या नऊ हंगामांचा इतिहास ते खोटं पाडणार नाही. खुसखुशीत मैद्याच्या बंद वाटीत गाईचं मांस, बटाटा आणि दाट रस्सा. हातात धरली की बोटं शेकतात, चावली की हनुवटी. ती पाई बावीस वर्षं डेस गिलिब्रँड नावाचा खाटीक पुरवत होता. गोलच्या मागे त्याची पाटी होती: 'गिलिब्रँड यांचं मांस. आमच्या गोलकीपरपेक्षा भरवशाचं.' गोलकीपर चार बदलले, पाटी तीच राहिली.

डेसला ही बातमी एंटविसलांनी स्वतः जाऊन सांगितली. दुकानात गिऱ्हाइकं होती. डेसने सुरी खाली ठेवली नाही.

"बायपास कुणाची झाली?" त्याने विचारलं.

"कुणाचीच नाही, डेस. गाईंमुळे हवा बिघडते म्हणे. शिवाय हृदयाला..."

"गाईंमुळे? आणि तुमची बचावफळी बघून माझ्या हृदयाचं काय होतं ते कोण मोजतंय? आठवडाभर घरी बायको सांगेल ते खायचं, कामावर साहेब सांगेल ते ऐकायचं. शनिवारचे दोन तास माणूस मोकळा. तिथेही आता नगरपालिका घास मोजणार?"

रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "माझ्या नातीला दोन वर्षं मांस नको आहे. तिला मैदानावर चिप्सच्या पुड्याशिवाय काही मिळत नाही. तिने काय घोडं मारलंय?"

"तिला पाहिजे ते विका ना! माझं बंद कशाला?"

"कारण तुझं चालू असलं की दुसरं कुणी घेतच नाही, डेस."

ही स्तुती की टीका हे डेसला ठरवता येईना, म्हणून त्याने एंटविसलांकडे पाहून "पुढचं गिऱ्हाईक!" असं ओरडून विषय संपवला. एंटविसल सॉसेज न घेताच घरी आले. ते सॉसेजच आणायला निघाले होते.

त्यानंतर सल्ल्यांचे दिवस सुरू झाले. पोस्टमनने मशरूम सुचवले. चॅपलमध्ये प्रार्थनेला ऑर्गन वाजवणाऱ्याने सांगितलं की मांस ठेवा, पण नाव बदला. शेजारच्या मिसेस अॅग्नेस कर्कम, वय चौऱ्याऐंशी, कुंपणावरून म्हणाल्या, "क्लिफर्ड, तू त्या शुक्रवारची काळजी सोड. तो दिवस देव सांभाळतो."

मिसेस कर्कम कट्टर कॅथलिक होत्या आणि त्या प्रत्येक गोष्ट देवावर सोडत. त्यांच्या गटाराचं कामही त्यांनी दोन वर्षं देवावर सोडलं होतं. एंटविसलांनी "हो हो, आजी" म्हणून मान डोलावली आणि आत येऊन नगरपालिकेला पत्र लिहायला बसले.

पत्राचं कारण असं की पाईपलीकडेही प्रश्न होते. थंडीत कट्ट्यावर लोक गाईच्या मांसाच्या अर्काचं गरम पेय पितात. ते मांस की पेय? एंटविसलांनी दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'आपला प्रश्न पेय विभागाकडे पाठवण्यात आला आहे. असा विभाग अस्तित्वात नसल्यास कृपया कळवावे.' त्यांनी कळवलं. मग उत्तर आलं नाही. त्यांनी अर्काच्या बरण्या स्वतःच्या घरी, जिन्याखालच्या कपाटात नेऊन ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. ग्लेनिस, त्यांची पत्नी, म्हणाली, "क्लिफ, याच्या आत माझं इस्त्रीचं टेबल आहे." तीन आठवडे एंटविसल चुरगळलेल्या शर्टात वावरले.

बिटाची पाई ही ग्लेनिसचीच कल्पना. मासिकात फोटो होता, आणि फोटोत ती फार सुरेख दिसत होती. पवित्र शुक्रवारच्या तेरा दिवस आधी, साध्या शनिवारच्या सामन्याला, ती प्रयोग म्हणून विकली. चव वाईट नव्हती. दोष रंगाचा. बिटाचा रस्सा दाट होत नाही. पहिल्या घासाला तो बाहेर येतो आणि जिथे जाईल तिथे राहतो. मध्यंतरानंतर कट्ट्यावरची तीनशे माणसं हनुवटीपासून पोटापर्यंत लाल झाली होती. पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाने ते पाहिलं आणि आपल्या पोरांना मैदानात यायच्या बोगद्यातच थांबवलं. पंच एक पाई खाऊन मैदानात उतरले. साठाव्या मिनिटाला त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं तेव्हा ते पिवळं राहिलं नव्हतं. थॉर्नशॉचा खेळाडू ते लाल कार्ड समजून बाहेर निघून गेला. लोकांनी त्याला परत बोलवायला सांगितलं, पण पंच म्हणाले, दाखवलेलं कार्ड मागे घेता येत नाही. थॉर्नशॉ दहा जणांनिशी चार-शून्य हरलं.

स्थानिक साप्ताहिकाने पहिल्या पानावर कट्ट्याचा फोटो छापला. मथळा होता: 'मांसबंदीनंतर मैदानावर रक्तपात'.

"आगीतून निघून फुफाट्यात," डकवर्थ म्हणाले. "पुढच्या शनिवारी काय, गाजर?"

पुढच्या शनिवारी मसूर होती. ती कुणी घेतलीच नाही, कारण आता लोक खिशातून पाई आणू लागले. डेसने फाटकासमोरच्या रस्त्यावर गाडी लावली होती. नगरपालिकेच्या अटीची हद्द फाटकाशी संपते, हे त्याने आधी जाऊन विचारून घेतलं होतं. लोक तिथे पाई घेत, कोटाच्या आत सरकवत आणि पोटावर हात ठेवून फाटकातून आत येत. एंटविसलांनी फाटकावरच्या नेहमीच्या रखवालदारांना तपासायला सांगितलं.

"खिशात काय आहे?"

"बटाट्याची आहे, दादा."

"बरं, जा."

प्रत्येकाची बटाट्याचीच होती. आत मात्र कट्ट्यावर मांसाच्या रश्शाचा असा घमघमाट, की पाहुण्या संघाचा राखीव गोलकीपर कुंपण ओलांडून पाई मागायला आला. ते सगळं एंटविसलांनी पाहिलं. पुढचा सामना पवित्र शुक्रवारचा. अधिकारीबाई फाटकातून आत आल्या, की नाकानेच निकाल देतील.

त्या रात्री त्यांनी जेवण सोडलं नाही, पण अर्धवट खाल्लं. ग्लेनिसने तेवढ्यावरून ओळखलं.

"छपरासाठी एवढं जिवाला का लावून घेतोस, क्लिफ? तू तर बसून सामना बघतोस. पश्चिमेच्या स्टँडमध्ये."

"बसूनच बघतो. समोर ते भिजताना दिसतात."

ग्लेनिसने उठून त्यांना आणखी एक बटाटा वाढला.

शुक्रवारची योजना एंटविसलांनी कागदावर आखली. नेहमीचे रखवालदार नकोत. ते सगळ्यांचे दोस्त. त्यांच्या जागी चॅपलच्या ब्रास बँडमधले चार दांडगे वादक: दोन ट्रॉम्बोन, एक टुबा, एक मोठा ढोल. माणसाला मोहात पडायला ओळख लागते, आणि ही मंडळी रविवारखेरीज कुणाला ओळखत नसत. हुकूम असा: कोट तपासा. पाई सापडली की ती कसलीही असो, जमा करा. वाद घालू नका. प्रत्येक पाईला सोडतीच्या वहीतलं तिकीट, अर्धं पाईवर, अर्धं मालकाला; सामना संपल्यावर परत. पाई समितीच्या खोलीत, मागच्या बाजूला, दार बंद.

एकही कच्चा दुवा नव्हता. फक्त वार कोणता आहे याचा विचार करायचा राहिला. एंटविसलांच्या लेखी पवित्र शुक्रवार म्हणजे बार्लीक्लफचा सामना. समितीचे सहाही जण आणि वादक मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एकाच चॅपलचे. त्यांच्या घरी दारू वर्ज्य होती; मांसाला वार नव्हता.

शुक्रवारी दुपारी पहिली चांगली खूण मिळाली: फाटकासमोर डेसची गाडी नव्हती. "घाबरला," डकवर्थ म्हणाले.

दोन वाजता फाटक उघडलं आणि अर्ध्या तासात समितीच्या खोलीतलं लांब टेबल भरलं. मग खुर्च्या भरल्या. मग खिडकीची कठडी. टुबावाला सारखा हातात चार-चार घेऊन येत होता.

"किती?" एंटविसल.

"एकाहत्तर. आणि साहेब, सगळे एकच थाप मारतायत."

"कसली?"

"म्हणतात, बटाट्याची आहे."

"मागच्या शनिवारीही बटाट्याचीच होती! घेत राहा."

"एक जण तर म्हणाला, आज कसला मांस खातोय? मी म्हटलं, हो हो, आणि मी कसला टुबा वाजवतोय."

मग फाटकावर आवाज चढला. डेस गिलिब्रँडला ढोलवाल्याने अडवलं होतं. कोटात एक पाई, गरम, रुमालात बांधलेली.

"डेस, तू सुद्धा?" एंटविसल धावत आले.

"बटाट्याची आहे, क्लिफ."

"खाटकाच्या कोटात बटाट्याची पाई!" डकवर्थ मागून म्हणाले. "काय, सोन्याच्या दुकानातून पितळ घेऊन निघालास?"

डेस लाल झाला. बोलणार होता, पण मागे रांग होती आणि ती हसत होती. त्याने पाई दिली, तिकीट घेतलं आणि "थांब, दाखवतो" एवढंच म्हणून आत गेला. ही एकशे दहावी.

शेवटच्या तीन मिसेस कर्कम यांच्या. त्या तीन नातवांना घेऊन आल्या होत्या. पिशवी काढून घेतल्यावर त्यांनी टुबावाल्याकडे फक्त खालून वर पाहिलं. टुबावाला पुढे दोन दिवस म्हणत होता, की बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अधिकारीबाई पावणेतीनला आल्या. मिस रुबिना मलिक, पस्तिशीच्या, हातात फाइल, पायात पावसाचे बूट. सुट्टीच्या दिवशी काम करायला कचेरीत कुणी तयार नव्हतं, म्हणून त्यांनी घेतलं, असं त्यांनी सांगितलं. बोलणं त्याच भागातलं, जवळच्या ब्लॅकबर्नचं.

खाद्यगाडा त्यांनी कसून तपासला. मसूर पाई, चहा, चिप्स. "छान," त्या म्हणाल्या. "आता समितीची खोली."

"ती खोली बंद आहे," एंटविसल म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं. त्यामुळे त्याचा सराव नव्हता, आणि मिस मलिकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते एकतीस वर्षं लोकांकडे पाहत आले होते.

"एंटविसलसाहेब, 'आवार' असा शब्द आहे. खोली आवारात येते."

ग्लेनिसने प्रसंग ओळखून पुढे धाव घेतली होती. दार उघडलं तेव्हा टेबलापासून खुर्च्या-खिडकीपर्यंत क्लबचा मोठा निळा झेंडा पसरलेला होता. झेंड्याखाली उंचवटे होते. आणि झेंडा वाफाळत होता.

"हे काय आहे?"

"झेंडा," एंटविसल म्हणाले.

"ओला आहे का?"

तेवढ्यात उघड्या दारातून वारा आला. झेंड्याची कड उचलली गेली आणि एकशे तेरा तिकिटं एकदम उडून खोलीभर पसरली. मिस मलिकांनी झेंडा बाजूला केला. ओळीने एकशे तेरा पाई.

बाहेर सामना सुरू झाल्याची शिटी वाजली. एंटविसलांना डोळ्यांसमोर बार्लीक्लफच्या कट्ट्यावर चढलेलं नवं कोरं छप्पर दिसलं, अगदी खिळ्यांसकट.

"मिस मलिक," ते म्हणाले, "हे सगळं जप्त केलेलं आहे. क्लब विकत नाही. लोक आणतात. मी अडवलं. दोष कुणाचा असेल तर माझा. पण अनुदान कट्ट्याचं आहे, माझं नाही. ते भिजतात."

मिस मलिकांनी एक पाई उचलली आणि फॉर्मप्रमाणे तपासायला मधोमध मोडली.

आत बटाटा होता. बटाटा, कांदा, आणि टपटप गळणारं लोणी.

त्यांनी दुसरी मोडली. बटाटा, कांदा, लोणी. तिसरी ढोलवाल्याने मोडली, न विचारता. तीच.

"सगळे खरं बोलत होते?" टुबावाला पुटपुटला.

"अर्थात खरं बोलत होते, गाढवा!" दारात मिसेस कर्कम उभ्या होत्या. मागे डेस, आणि त्याच्या मागे बरीच माणसं. "आज पवित्र शुक्रवार आहे. अर्धं गाव कॅथलिक आहे. या दिवशी मांसाला कोण शिवेल? शुक्रवारची लोणी-पाई आहे ही, माझ्या आजीच्या आजीपासूनची. क्लिफर्ड, मी तुला सांगितलं नव्हतं, तो दिवस देव सांभाळतो?"

"मला वाटलं, तुम्ही उपदेश करताय."

"चॅपलवाल्यांना उपदेश करून काय उपयोग!"

"माझं दुकानसुद्धा आज बंद आहे," डेस म्हणाला. "वर्षातून हा एक दिवस मी आईच्या हातचं खातो. तो दिवस तू पकडलास."

मिस मलिकांनी फाइल उघडली होती. "एक प्रश्न राहतो. वरचं आवरण कशात मळलंय? बहुतेक ठिकाणी चरबी घालतात. डुकराची नाहीतर गाईची. चरबीसुद्धा मोजली जाते."

एंटविसल पुन्हा चष्मा पुसू लागले.

मिसेस कर्कम यांनी मात्र कमरेवर हात ठेवले. "चरबी? शुक्रवारी? बाई, माझ्या पाईत चरबी निघाली तर पाद्रीबाबा मला चर्चच्या पायरीवर उभी करणार नाहीत. लोण्यात मळायची, लोण्यात भरायची, लोणी लावून भाजायची. म्हणून तर नाव लोणी-पाई."

"खात्रीने? सगळ्यांची?"

"ज्यांनी चरबी घातली असेल त्यांची नावं मला सांगा."

कुणाचं नाव पुढे आलं नाही. मिस मलिक मोडलेल्या पाईकडे पाहत म्हणाल्या, "मी अब्बांबरोबर लहानपणापासून मैदानांवर येते. चोवीस मैदानं झाली. प्रत्येक ठिकाणी काय खाल्लं, माहीत आहे? चिप्स. सगळीकडे चिप्स."

"अगं मग खा की!" मिसेस कर्कम यांनी आपल्या तीनपैकी एक उचलून त्यांच्या हातात दिली. "उभ्या काय राहिलात? गार झाली की लोणी गोठतं."

मिस मलिकांनी खाल्ली. हनुवटीवर आलेलं लोणी फाइलच्या कोपऱ्याने थोपवलं. ते लोणी लागलेलं पान पुढे नगरपालिकेच्या नस्तीत कायमचं राहिलं.

तोवर मध्यंतर झालं होतं, आणि खरा गोंधळ आता सुरू झाला. तिकिटं उडाली होती. कोणती पाई कुणाची, हे एंटविसलांच्या वहीलाही सांगता येईना. बाहेर शंभरेक माणसं खिडकीवर थापा मारत होती: "आमच्या पाई द्या! आमच्या पाई द्या!" पण डेसने एक पाई उचलून उजेडात धरली. झाकणावर सुरीने दोन छोट्या रेघा होत्या. "ही मर्फींची. प्रत्येक घराची खूण असते. ही फुली आमची. हा मासा कॅव्हनॉ यांच्याकडचा." मग डेस खिडकीतून एक-एक नाव पुकारत पाई देऊ लागला, बावीस वर्षांच्या सवयीने, नेमकी आणि भराभर. ज्यांच्या मोडल्या गेल्या होत्या त्यांना शेजाऱ्यांनी अर्ध्या दिल्या. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते चॅपलवालेही मधे हात घालू लागले. बार्लीक्लफची माणसं कुंपणापाशी येऊन विचारत होती, हे कुठे मिळतंय? गाड्यावर मसूर पाई एकटी उभी होती.

मिस मलिक खिडकीपाशी उभ्या राहून फॉर्म पुरा करत होत्या. शेवटचा प्रश्न होता: 'मांसविरहित पदार्थांना प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा आहे?' खिडकीवर आणखी एक थाप बसली. काच तडकली. त्यांनी लिहिलं: 'तीव्र'.

सामना थॉर्नशॉ दोन-शून्य हरलं. त्याची चर्चा झाली नाही.

अनुदान कायम केल्याचं पत्र दहा दिवसांत आलं, पण सोबत शंका होती. शुक्रवारचे सामने वर्षात एखाद-दुसरे, बाकी बहुतेक शनिवारी. बाकीच्या वारी प्रेक्षक लोणी-पाई स्वीकारतील काय? एंटविसलांनी समितीची बैठक बोलावली. डेसने साफ सांगितलं, की शनिवारी बटाटा विकायला त्याची हरकत नाही, पण शनिवारी लोणी-पाई खायला लोकांना कारण लागेल. बिनमांसाचं म्हणून दिलं तर कुणी तोंड लावणार नाही, शुक्रवारचं म्हणून दिलं तर रांग लागेल. चर्चा अडीच तास चालली. अखेर एंटविसलांनी लिहिलेला ठराव एकमताने मंजूर झाला: 'क्लबच्या फाटकाच्या आत, सामना कोणत्याही वारी असो, तो वार शुक्रवार समजण्यात यावा.' मिसेस कर्कम यांनी पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, फाटकाबाहेर शनिवारच असल्याने धर्माला बाधा येत नाही. नगरपालिकेने ठराव नस्तीत ठेवला. डेसची पाटी गोलच्या मागे राहिली. तिच्यावर खाली एक ओळ वाढली: 'आत शुक्रवार, बाहेर मांस.' धंदा दोन्हीकडे चालला.

छप्पर ऑगस्टमध्ये बसलं. पहिल्याच सामन्याला पाऊस असा आला, की पत्र्यावर माणसाचा आवाज ऐकू येईना. एंटविसल त्या दिवशी पश्चिमेची आपली खुर्ची सोडून कट्ट्यावर आले आणि तीनेकशे कोरड्या माणसांच्या मधे उभे राहिले. कुणीतरी आभार मानेल असं त्यांना वाटत नव्हतं. तरी ते थोडे ताठ उभे होते. मध्यंतरात शेजारच्या म्हाताऱ्याने लोणी-पाईचा घास घेतला, बराच वेळ चावला आणि त्यांच्याकडे वळला.

"क्लिफ," तो म्हणाला, "छप्पर झकास आहे रे. पण पावसाचं पाणी पडायचं ना आत, त्याने रस्सा सुटायचा. आता पाई कोरडी लागते."

एंटविसलांनी खिशातून वही काढली आणि तक्रार लिहून घेतली.